कुगती जोत: गद्दी मेंढक्यांच्या डेऱ्यासोबत लाहौलपर्यंत

आमचं गाव फलटण तालुक्यात, त्यामुळे मेंढरं काही नवीन नाहीत. दिवाळी झाली की धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात जायला निघायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे, जाता-येता कुणाच्या ना कुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवलेली असायची. पण हिमाचलमधले गद्दी मेंढके जे करतात ते उंचीच्या हिशोबानं. हिवाळ्यात कांगडा, ऊना, बिलासपूरच्या खालच्या टेकड्या, एप्रिल-मे मध्ये हळूहळू वर, जूनला चंबा, आणि जुलैत पीर पंजालची रांग ओलांडून लाहौल. म्हणजे जसजसं बर्फ वर सरकतं तसतसं त्याच्या मागे मागे कोवळं गवत येतं आणि त्या गवताच्या मागे हे लोक. चंब्याला माझा एक मित्र शिक्षक आहे, तो स्वतः गद्दी, त्याच्या ओळखीनं एका डेऱ्यासोबत कुगतीची खिंड ओलांडायची परवानगी मिळाली. डेरा म्हणजे मेंढक्यांचा मुक्काम पण आणि ती सगळी टोळी पण. खिंडीला तिकडे जोत म्हणतात, कुगती जोतची उंची 5040 मीटर.

दिवस पहिला: चंबा ते हडसर

पठाणकोटहून बनीखेतमार्गे आदल्या रात्रीच चंब्याला पोचलो होतो. सकाळची बस, रावीच्या काठाकाठानं रस्ता, खडामुखला रावी सोडायची आणि बुढल नदीच्या बाजूनं वर भरमौरला चढायचं. या टप्प्यात रस्त्यावर एक कळप लागला आणि बस जवळजवळ अर्धा तास त्याच्या मागे. पुढे एक पोरगा, मागे दोन माणसं, मध्ये तीन-चारशे जनावरं आणि समोरून ट्रक. मित्र सांगत होता की डांबरी रस्त्याचा टप्पा बहुतेक डेरे आता रात्रीच काढतात, कारण दिवसा गाड्या दाबून जातात आणि एखादी मेंढी गेली तर भरपाई कोण देणार. पूर्वी नदीकाठानं पायवाट होती, तिथे आता कुठे धरणाचं काम झालंय, कुठे मलबा टाकलाय, त्यामुळे कळपाला रस्त्यावर यावंच लागतं. हे मला फार लागलं, कारण आपल्याकडे वाड्यांचं हेच झालंय, जुन्या वाटांवर प्लॉटिंग आणि कंपाउंड.

भरमौरला चौरासी मंदिरांच्या आवारात जेमतेम तासभर मिळाला. लक्षणादेवीचं देऊळ मात्र चुकवू नका, 7व्या शतकातल्या मेरूवर्मन राजाच्या काळातलं, आतलं लाकूडकाम अजून शाबूत आहे. हा सगळा मुलूख गद्देरन, गद्द्यांचा देश, आणि सगळं काही शंकराचं. हिवाळ्यात इथले कितीतरी लोक खाली कांगड्यात राहायला जातात आणि शंकर पण मणिमहेशचा कैलास सोडून खाली उतरतो असं मानतात. देव पण कळपासोबत हिंडणारा, हे मला एकदम ओळखीचं वाटलं. आपल्याकडे धनगरांच्या ओव्यांत मेंढरं वारुळातून निघाली, महादेवाने दिली असं येतंच की.

रात्री हडसरला मुक्काम. मणिमहेश यात्रा इथूनच सुरू होते, पण ती जन्माष्टमीपासून, त्यामुळे आत्ता गाव शांत होतं.

दिवस दुसरा: कुगती गाव

जीप जाते तिथवर गेलो, पुढे पायी. देवदारांचं जंगल, खाली नाला, वाट चांगली रुळलेली. कुगती हे या दरीतलं शेवटचं गाव, लाकूड आणि दगडाची घरं, छपरावर पाटीच्या दगडाच्या फरश्या. हा सगळा भाग कुगती अभयारण्यात येतो, वर तपकिरी अस्वल आहे, थार म्हणजे डोंगरातली रानबकरी आहे, बिबट्या तर आहेच.

डेरा गावाच्या वरच्या अंगाला उतरला होता. पाच माणसं, त्यातले सगळ्यात वयस्कर ते चाचाजी, बाकी त्यांचा भाऊ, पुतण्या आणि दोन पुहाल. पुहाल म्हणजे मेंढका, हे दोघे मजुरीवर होते. कळप एकट्याचा नव्हता, तीन-चार घरांची जनावरं एकत्र केलेली, कुणाची कुठली हे कानावरच्या कापावरून कळतं. मी पहिल्यांदा विचारलं की एकूण किती आहेत, तर चाचाजी नुसतं हसले आणि विषय बदलला. मित्रानं नंतर सांगितलं की आकडा मोठ्यानं बोलत नाहीत, दृष्ट लागते. आमच्याकडे पण नाही विचारत, खांड म्हणजे कळप केवढा आहे म्हणून.

मेंढ्या आणि बकऱ्या मिसळलेल्या होत्या. हे मुद्दाम असतं. मेंढी गवत खाते, बकरी झाडपाला ओरबाडते, त्यामुळे हिवाळ्यात खालच्या जंगलात बकऱ्या तगतात आणि वर उघड्या कुरणात मेंढ्या. शिवाय वाट काढायला बकरी पाहिजे, मेंढी पुढं व्हायला बिचकते, बकरी बघते आणि जाते. पण खालच्या जंगलात आता सगळीकडे घाणेरी पसरलीय, तिच्याखाली गवत उगवत नाही, म्हणून हळूहळू बकऱ्या वाढल्यात आणि मेंढ्या कमी झाल्यात असं चाचाजी म्हणाले.

कुत्री तीन. गळ्यात लोखंडी पट्टे, बाहेरच्या बाजूनं काटे, कारण बिबट्या पहिला हात गळ्यालाच घालतो. या गद्दी कुत्र्याची देशी जात म्हणून राष्ट्रीय नोंद 2025 मध्ये झाली, आपल्या शेजारच्या मुधोळ हाउंडची आधीच झालेली आहे. दिवसा ही कुत्री इतकी सुस्त पडलेली असतात की कुणालाही वाटेल निकामी आहेत, खरी ड्युटी रात्रीची. आपल्या धनगरांसारखी वाघर म्हणजे जाळी लावून मेंढरं कोंडायची पद्धत इथे नाही, कळप मोकळाच बसतो आणि भोवती कुत्री.

दिवस तिसरा: केलंगचं देऊळ आणि वरचं गोठ

गावाच्या वर केलंग म्हणजे कार्तिक स्वामींचं देऊळ. खिंडीकडे जाणारा प्रत्येक डेरा इथे थांबतो. हे देऊळ नोव्हेंबरच्या शेवटी बंद होतं आणि बैसाखीला उघडतं, बंद करताना आत पाण्यानं भरलेलं भांडं ठेवतात. उघडताना भांडं भरलेलं निघालं तर पाऊसपाणी चांगलं, पाणी आटलेलं असेल तर वर्ष कोरडं. चाचाजींनी हात जोडले, घंटा वाजवली, आणि पुजाऱ्याशी बराच वेळ बोलत बसले. मला वाटलं पूजेचं काही असेल, तर बोलणं सगळं बर्फाचं. कोण वर गेलंय, कोण अजून अडकलंय, नाल्यावरचा बर्फाचा पूल आहे का तुटला, कुठल्या धारेवर म्हणजे उंचावरच्या कुरणावर अस्वल फिरतंय. देवळाच्या पायरीवर आठ-दहा मिनिटांत आख्ख्या खिंडीचा रिपोर्ट मिळाला. फोनला रेंज गावातच संपली होती, आणि इथून पुढे बातमी माणसाच्या तोंडूनच मिळणार होती.

दुपारनंतर वरच्या गोठावर पोचलो. गोठ म्हणजे कळप बसवायची ठरलेली जागा, दगडाची पडकी भिंत, काळी पडलेली चूल, आणि चारी बाजूंनी जुन्या लेंड्यांची खतावलेली माती. जागा नेमकी कुठे असते ते बघण्यासारखं आहे. नाल्याच्या अगदी काठाला नाही, कारण गार हवा खाली साचते. कड्याच्या पायथ्याला नाही, दगड येतात. पाणी जवळ पण ओल नाही, आणि सकाळचं ऊन लवकर येईल अशी बाजू. एकेक गोठ पिढ्यान् पिढ्या तेच.

दिवस चौथा: पाऊस, थांबलो

पहाटेपासून पाऊस. माझ्या कागदावर आज पुढचा टप्पा होता, चाचाजी म्हणाले आज नाही. आणि मग दिवसभर त्यांच्याजवळ बसून जे बघायला मिळालं ते या सगळ्या प्रवासात सगळ्यात मोलाचं.

सकाळी दव किंवा पावसाचं पाणी पात्यावर असेपर्यंत कळप चरायला सोडत नाहीत. ओल्या गवतानं पोटात जंत जातात आणि हगवण लागते. चाचाजी उठले की पहिल्यांदा आकाशाकडे नाही तर लेंड्यांकडे बघायचे. सुट्या, टणक, काळ्या लेंड्या म्हणजे सगळं ठीक. चिकटलेल्या, पातळ झाल्या की त्या दिवशी चराई कमी आणि मीठ. मीठ सपाट दगडांवर थोडं थोडं मांडलं, खडे फोडून, आणि एक शीळ घातली तर अख्खा कळप धबाधबा खाली आला. पूर्वी हे मीठ मंडीकडच्या गुम्मा आणि द्रंगच्या खाणींतलं असायचं. मीठ म्हणजे नुसता खाऊ नाही, पांगलेला कळप गोळा करायचं तेच साधन, आणि मीठ चाटायला कोण आलं नाही त्यावरून आजारी जनावर कळतं.

एक मेंढी मागच्या पायानं लंगडत होती. पुतण्यानं तिला पाडलं, मांडीत डोकं दाबून धरलं, चाचाजींनी खूर दोन बोटांनी फाकवला आणि मधली फट मला दाखवली. लाल, ओली, वास मारणारी. खुरकुजीची सुरुवात. छोट्या सुरीनं खुराची वाढलेली कड कातरली, घाण काढली, वरून जनावरांच्या दवाखान्यातलं निळं औषध ओतलं आणि सोडून दिली. तीन मिनिटांचं काम. पण याच्यामुळेच पावसाळ्यात चंब्याच्या बाजूला थांबून चालत नाही असं त्यांनी समजावलं. इकडे पाऊस लागला की चिखल, जळवा, खुरं कुजतात, लोकर ओली राहून जनावर झिजतं. जोतच्या पलीकडे लाहौलमध्ये ढग पोचत नाहीत, जमीन कोरडी, गवत बुटकं पण कस असलेलं. म्हणजे एवढी 5040 मीटरची चढाई कशासाठी तर पावसापासून पळण्यासाठी! आपले धनगर पण एका अर्थी पाऊसच टाळतात, कोकणातला पाऊस सुरू व्हायच्या आत घाटमाथा गाठतात, पण हे लोक त्यासाठी बर्फ ओलांडतात.

मग मी विचारलं की जोत ओलांडायचा दिवस कसा ठरतो. लवकर गेलं तर बर्फ भुसभुशीत आणि खोल, मेंढी पोटापर्यंत रुतते. उशीर झाला तर वरचं बर्फ वितळून खालचा निसरडा बर्फ आणि सुटे दगड उघडे पडतात, नाले फुगतात. मधले थोडेच दिवस चांगले, आणि ते कुठल्या तारखेला येतील हे दरवर्षी वेगळं. चाचाजी संध्याकाळी नाल्यावर जाऊन पाण्याचा रंग बघायचे, गढूळ आणि चढतं पाणी म्हणजे वर जोरात वितळतंय. रात्री आभाळ मोकळं राहिलं तर वरचा थर गोठतो, तोच पाहिजे. "रात को तारा दिखा तो चलेंगे," एवढंच ते म्हणाले आणि झोपले.

दुपारी मी फोनवर घरून आलेला काटेवाडीच्या रिंगणाचा व्हिडिओ दाखवला, तुकोबांच्या पालखीभोवती धनगर आपली मेंढरं पळवतात तो. आषाढीचेच दिवस होते. पाचही माणसं फोनवर वाकली, आणि देव कोण, पालखी कुणाची हे कुणीच विचारलं नाही, सगळे मेंढरंच बघत होते. चाचाजींनी तीनदा परत लावायला सांगितलं. पाय लांब आहेत, म्हणाले, रोज पुष्कळ चालणारी जात आहे, लोकर मात्र थोडी आणि राठ दिसते, गरम मुलखातली ना. दख्खनी मेंढीबद्दल हे सगळं बरोबर आहे, आणि त्यांनी ते फोनच्या एवढ्याशा स्क्रीनवर ओळखलं. मग लोकरीच्या भावावर बोलणं गेलं. गद्दी मेंढी वर्षातून दोन-तीनदा कातरतात, पण कातरणाऱ्याची मजुरी दिल्यावर हातात काय राहतं हा प्रश्न त्यांचा पण आहे आणि आमच्या घोंगडीवाल्यांचा पण. आता पैसा मांसात आहे, लोकरीत नाही.

पुतण्या बारावी झालेला, त्याला आयटीआय करायचंय. चाचाजींना त्याचं वाईट वाटत नाही, पण कळप कुणाकडे द्यायचा हे ठरलेलं नाही. धारेवरचा चराईचा हक्क घराण्याच्या नावावर आहे, राजाच्या काळापासून, चराईचा कर भरून, आणि आता वनखात्याच्या परमिटवर. 2006 च्या वनहक्क कायद्यात हंगामी चराईचा, फिरत्या पशुपालकांचा हक्क मान्य केलाय, कागदावर तो आहे. पण परमिट असलं तरी चालायला माणूस पाहिजे, आणि कुठल्या नाल्याला कधी पूर येतो हे त्या कागदावर लिहिलेलं नाही. हे ज्ञान म्हाताऱ्या माणसाच्या मागून पन्नास वेळा चालल्याशिवाय मिळत नाही, आणि मागून चालणारी पोरंच कमी होतायत, याची मला मनापासून काळजी वाटते.

दिवस पाचवा: अलियास

रात्री तारा दिसला. सकाळी दव वाळेपर्यंत थांबून निघालो. भूर्जाची झाडं संपली, त्याच्या आधीच सगळ्यांनी लाकडाच्या मोळ्या बांधून घेतल्या, कारण वर जळण नाही. बुरांसच्या म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या झुडपांतून जाताना पोरगं सारखं बकऱ्यांना हाकलत होतं, तो पाला विषारी असतो. भुकेलं जनावर खातं आणि तोंडाला फेस येतो, म्हणून अशा पट्ट्यात शिरायच्या आधी कळपाला पोटभर चारून घेतात.

अलियास म्हणजे खिंडीखालचा शेवटचा मुक्काम, चारी बाजूंनी दगड आणि मध्ये हिरवळीचा तुकडा. मक्याची भाकरी, डाळ, बकरीच्या दुधाचा चहा. दिवस उजाडायच्या आतच उठायचं ठरवून सगळे लवकर आडवे झाले.

दिवस सहावा: जोत

अंधारातच निघालो. चाचाजींनी आज चोळा घातला होता, पांढऱ्या लोकरीचा जाड घोळदार अंगरखा, आणि कमरेला डोरा, काळ्या लोकरीचा दोर, कित्येक मीटर लांब, वेढ्यावर वेढे. एरवी हल्ली सगळे जॅकेटच घालतात. हा डोरा कमरेला आधार देतो, अडचणीत दोर म्हणून सोडता येतो, आणि त्याच्या वर चोळ्याचा जो फुगा होतो तो खिसा. उशिरा जन्मलेलं एक कोकरू त्यात घातलेलं, नुसतं तोंड बाहेर. कोकरं खरं तर हिवाळ्यात खालीच होतात म्हणजे जोतपर्यंत ती चालायला पक्की होतात, हे एक चुकार होतं.

पहिले दगडधोंडे, मग बर्फाची घळ. पुहालनं कुऱ्हाडीनं पायऱ्या खोदत पुढे वाट केली. बर्फावर काठी आपटून बघायची, टणक आवाज आला तर पाय, बद्द आवाज आला तर बाजूनं. बर्फाच्या कडेला कळप थांबला आणि काही केल्या हलेना, मागून दाब येतोय, पुढची जनावरं पाय रोवून उभी. कुणी काठी उगारली नाही. चाचाजींनी एका जाड दाढीवाल्या बोकडाला शिंगाला धरून पहिल्या पायरीवर नेलं आणि सोडून दिलं. तो खाली वाकला, बर्फ हुंगलं, पुढच्या खुरानं दोनदा खरडलं, आणि निघाला. त्याच्या मागे दोन बकऱ्या, मग चार, मग एक मेंढी, आणि मग तर नुसती रांगच लागली, प्रत्येकीचं तोंड पुढचीच्या शेपटीला. बाजूनं पुतण्या तोंडानं एक लांब किनरा आवाज काढत चालत होता, तो आवाज थांबला की रांग थांबायची, सुरू झाला की चालायची.

उन्हं चढायच्या आत वर. खिंड म्हणजे कड्यातली अरुंद खाच, दगडांचा ढीग, त्यात रोवलेले गंजके त्रिशूळ आणि झेंडे. केलंगला आणि शंकराला नैवेद्य झाला, इथे बकरं द्यायची रीत आहे, ते देऊन सगळ्यांनी कपाळाला टिळा लावला. मागे चंब्याच्या दरीत ढग भरलेले, समोर लाहौलचं आभाळ निळंशार आणि डोंगर तपकिरी, कोरडे. पाऊस कुठे संपतो ते डोळ्यांनी दिसतं.

पलीकडे बर्फाचा तीव्र उतार. मेंढ्या काही ठिकाणी सरळ बसकण मारून घसरल्या. खाली पोचल्यावर चाचाजी एका दगडावर बसून कळप समोरून जाऊ देत होते, आणि मध्येच म्हणाले की एक कमी आहे. मोजलं नव्हतं. एक काळ्या तोंडाची मेंढी नेहमी तुटक्या शिंगाच्या बकरीच्या शेजारून चालते, बकरी आली आणि शेजार रिकामा. पुहाल परत वर गेला आणि तासाभरानं तिला घेऊन आला, दगडांच्या आडोशाला उभी होती.

दिवस सातवा: लाहौल

दुसऱ्या दिवशी उतरताना पायाखालची जमीन खडखडीत, हवेत जंगली अजवायनसारखा वास, आणि कळप वेगळाच वागत होता, डोकी खाली घालून पुढे सरकतच नव्हता. इथून त्यांची धार डावीकडे, दीड-दोन महिने आता मुक्काम त्याच बाजूला, खालून वर चरत जायचं आणि गार पडायला लागलं की वरून खाली. गावाच्या शेतांजवळ मात्र जायचं नाही, लाहौलवाल्यांचं मटार आणि बटाटा उभा असतो, त्यावरून पूर्वी बरीच भांडणं झाली आहेत.

मी रापे गावाकडे उतरलो आणि पूल ओलांडून तांदी-उदयपूर रस्त्याला लागलो. खाली चंद्रभागा, हिमालयातली, चंद्रा आणि भागा तांदीला मिळून होते ती. अटल बोगदा 2020 मध्ये सुरू झाल्यापासून इथून मनाली काही तासांवर आलंय, संध्याकाळी तिथे होतो.

कुणाला जायचं असेल तर दोन-तीन गोष्टी. ओळखीशिवाय थेट डेऱ्यात घुसू नका, कुगती गावात आधी विचारा, अभयारण्याची परवानगी काढा. रात्री कुत्र्यांच्या कडेला फिरू नका. न्यायचंच असेल तर डाळ, चहा, साखर आणि मीठ न्या, ते खरंच उपयोगी पडतं. आणि तारखा पक्क्या करून जाऊ नका, परतीचं तिकीट सैल ठेवा. सप्टेंबरच्या मध्यापासून हेच डेरे उलटे येतात, आणि मग शरदातली कातरणी असते. मित्राला सांगून ठेवलंय की कातरणारे कधी बसणार ते कळव, घरून एक दख्खनी घोंगडी न्यायचीय, चाचाजींना तिची वीण हातात घेऊन बघायची आहे.